हजारो फोटोंमधून माणसं क्रॉप करायची असतील तर चेहऱ्याच्या चौकोनावर जाऊ नका, डोळे धरा

ताई, तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तीन शाळांच्या आयकार्डांचं काम घेतलंय, एकूण ३,८०० फोटो, फोटोशॉपमध्ये क्रॉपची ॲक्शन (एकदा केलेल्या पायऱ्या रेकॉर्ड करून परत चालवायची सोय) करून सगळ्यांवर मारली तर पहिली-दुसरीची मुलं फ्रेमच्या तळाशी जातात आणि दहावीच्या मुलांची डोकी वरून कापली जातात, हाताने करायला तुम्ही आणि मदतनीस मिळून आठ दिवस बसता, आणि कुणीतरी सांगितलं की फुकटच्या वेबसाइटवर टाका, पटकन होतं. मी मिरजेत १४ वर्षं शाळांच्या आयकार्डांचंच काम करतो, जून-जुलैमध्ये दुसरं काही सुचत नाही, सुरुवातीची पाच-सहा वर्षं मी पण हातानेच क्रॉप मारायचो. त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

वेबसाइटचं आधी सांगतो कारण ते पहिलं थांबवा. मुलांचे चेहरे आहेत ते, फाइलच्या नावात बऱ्याचदा मुलाचं नाव आणि इयत्ता पण असते, शाळेने ते तुमच्यावर विश्वास ठेवून दिलेत. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालचा प्रत्येकजण मूल धरलाय आणि मुलांच्या डेटासाठी पालकांची संमती लागते असं त्यात स्पष्ट आहे. आणि कायदा बाजूला ठेवला तरी माझ्या मुलीचा फोटो कुठल्या सर्व्हरवर जाऊन पडलाय हे मला माहीत नसणं मला चालणार नाही, मग दुसऱ्याच्या मुलीचं कसं चालेल. आणि गरजही नाही हो, एकदा प्रोग्राम उतरवून घेतले की हे सगळं तुमच्या दुकानातल्या साध्या कॉम्प्युटरवर इंटरनेट बंद करून होतं, ग्राफिक कार्ड पण लागत नाही.

आता ॲक्शन का फसते ते बघा. ॲक्शनला चेहरा दिसत नाही, तिला फक्त जागा माहीत असते, डावीकडून इतके पिक्सेल वरून इतके पिक्सेल. मूल हललं, स्टूल सरकलं, उंची बदलली की संपलं. फोटोशॉपमध्ये सिलेक्ट सब्जेक्ट आहे, ते ॲक्शनमध्ये रेकॉर्ड होतं आणि सिलेक्शनवर क्रॉप पण मारता येतो, पूर्ण उभ्या माणसाचा फोटो असेल तर ते बरं चालतं. पण आयकार्डाला नाही, कारण ते अख्ख्या अंगाचा चौकोन धरतं, एका मुलाने कोपर बाहेर काढलं की त्याचा चेहरा बाजूच्या मुलापेक्षा लहान होतो. कार्डं एका ओळीत लावली की हे लगेच डोळ्यात येतं.

म्हणून चेहरा ओळखणारं काहीतरी पाहिजे. पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेत ऑटोक्रॉप नावाचं एक छोटं तयार पॅकेज आहे, त्याला फोटोंचा फोल्डर, आउटपुटचा फोल्डर, रिजेक्टचा फोल्डर, रुंदी-उंची आणि फोटोत चेहरा किती टक्के पाहिजे एवढं सांगितलं की ते सगळी बॅच चालवून देतं. कोडिंग अजिबात येत नसेल तर सुरुवात त्याच्यापासून करा, मी पण तिथूनच केली. पण त्याच्या आत जी पद्धत आहे ती २००१ ची, व्हायोला आणि जोन्स या दोघांची, हार कॅस्केड म्हणतात तिला. समोर बघणारा, सरळ, नीट उजेडातला चेहरा असेल तर छान काम करते. मान थोडी कलली, चष्म्यावर फ्लॅशची चमक आली, चेहरा सावळा आणि मागे खिडकीचा उजेड असं झालं की तिला चेहरा सापडत नाही, आणि उलट चौकड्यांच्या गणवेशाच्या शर्टावर मला तिने बऱ्याचदा चेहरा दाखवलाय.

त्याच्यापेक्षा ओपनसीव्ही या फोटोंवर काम करणाऱ्या लायब्ररीमध्येच (लायब्ररी म्हणजे पायथनमधून वापरता येणारा तयार कोड) आता युनेट नावाचं चेहरे शोधणारं मॉडेल वापरायची सोय आहे, ४.५.४ आवृत्तीपासून. मॉडेलची फाइल जेमतेम दोन-अडीचशे केबीची आहे आणि साध्या प्रोसेसरवर झरझर चालते. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ते नुसता चौकोन देत नाही, सोबत पाच खुणा देतं: दोन डोळे, नाकाचं टोक आणि ओठांचे दोन कोपरे, आणि किती खात्री आहे त्याचा एक आकडा. त्या पाच खुणांसाठीच मी हे वापरतो. जवळपास सगळे नवीन लोक चेहऱ्याच्या चौकोनावरून क्रॉप काढायला जातात आणि तिथेच त्यांचं गणित बिघडतं. तो चौकोन साधारण कपाळापासून हनुवटीपर्यंत असतो, त्यात केस धरलेले नसतात, आणि तो कधी सैल कधी घट्ट येतो, एकाच मुलाच्या दोन फोटोंत पण वेगळा येतो. दोन वेण्या वर बांधून रिबिनीची फुलं केलेली मुलगी, पटका बांधलेला मुलगा, टोपी, हिजाब, कशाचाच त्या चौकोनाला पत्ता नसतो. डोळे मात्र फारसे हलत नाहीत. डोळ्यांमधलं अंतर हेच तुमचं माप धरा, बाकी सगळं त्याच्या पटीत काढा.

एक फोटो धरून करून दाखवतो. कॅमेरा उभा धरून काढलेला २४ मेगापिक्सेलचा फोटो, ४००० रुंद ६००० उंच. चेहरा शोधण्यासाठी मी त्याची दहापट लहान कॉपी करतो, ४०० बाय ६००. (हे लहान करणं फक्त वेगासाठी नाहीये, खाली सांगतो.) समजा मॉडेलने डोळे दिले, एक आडवं १७० उभं २१० आणि दुसरा आडवं २०६ उभं २१२. अंतर झालं ३६. मूळ फोटोत ३६०, आणि दोन डोळ्यांचा मध्य आडवं १८८० उभं २११०. आता क्रॉपची रुंदी डोळ्यांच्या अंतराच्या ४.२ पट, म्हणजे १५१२. कार्डावरची खिडकी ३५ बाय ४५ मिलिमीटर असेल तर उंची १५१२ गुणिले ४५ भागिले ३५, म्हणजे १९४४. डोळ्यांची रेघ क्रॉपच्या वरून ४५ टक्क्यांवर ठेवायची, म्हणजे वरची कड २११० मधून ८७५ वजा, १२३५. डावी कड १८८० मधून ७५६ वजा, ११२४. झालं, चारही कडा मिळाल्या. डोळ्यांपासून टाळूपर्यंतचं अंतर साधारण डोळ्यांच्या अंतराच्या पावणेदोन-दोन पट भरतं, त्यामुळे डोक्यावर थोडी हवा राहते आणि खाली कॉलर आणि खांद्याचा थोडा भाग येतो. ही चौपटीच्या आसपासची रुंदी आणि ४५ टक्के मी मनाने काढलेली नाहीत, ओळखपत्राच्या चेहऱ्याच्या आंतरराष्ट्रीय मानकात डोळ्यांमधलं अंतर रुंदीच्या पाव धरतात, मी आयकार्डासाठी जरा मोकळं ठेवतो एवढंच. बालवाडी आणि पहिलीसाठी ४.६ घेतो, लहान मुलांचं कपाळ मोठं असतं आणि डोळे चेहऱ्यात खाली असतात. पासपोर्ट-व्हिसाचं काम करत असाल तर तिथे त्यांचे आकडे, उदाहरणार्थ अमेरिकेच्या व्हिसाला २ बाय २ इंच आणि हनुवटीपासून डोक्याच्या माथ्यापर्यंतची उंची फोटोच्या ५० ते ६९ टक्के लागते.

यात एक खोच आहे. मुलाने मान बाजूला वळवली असेल तर दोन डोळ्यांमधलं दिसणारं अंतर कमी होतं, आणि मग क्रॉप फारच घट्ट बसतो, चेहरा फुगल्यासारखा मोठा दिसतो. म्हणून मी दुसरं एक माप पण काढतो, डोळ्यांच्या मध्यापासून ओठांच्या मध्यापर्यंतचं. सरळ चेहऱ्यात हे डोळ्यांच्या अंतराएवढं किंवा त्याहून किंचित जास्त असतं. ते बरंच जास्त निघालं तर मान वळलेली आहे हे समजायचं, क्रॉप या दुसऱ्या मापावरून करायचा आणि तो फोटो संशयितांच्या फोल्डरमध्ये (शंका असलेले फोटो वेगळे ठेवायचा फोल्डर) पण टाकायचा.

मान कललेली असेल, म्हणजे एक डोळा वर एक खाली, तर दोन डोळ्यांच्या रेघेचा कोन काढून फोटो फिरवता येतो, वरच्या उदाहरणात तो कोन तीन अंशांच्या आसपास आहे. पण पाच-सहा अंशांच्या पुढे मी फिरवत नाही. डोकं सरळ होतं पण खांदे तिरके होतात आणि ते कललेल्या मानेपेक्षा वाईट दिसतं.

आता ते लहान करण्याचं. मी पहिल्यांदा युनेट वापरलं तेव्हा मोठमोठे फोटो तसेच दिले, आणि स्वच्छ, समोरून काढलेले, एकदम शार्प फोटो, त्यात त्याला चेहराच दिसेना. दोन दिवस मी सेटिंगशी झगडलो. मग युनेटचंच माहितीपत्रक वाचलं तर त्यात सरळ लिहिलंय की साधारण १० ते ३०० पिक्सेलपर्यंतचे चेहरे सापडतात. माझ्या फोटोतला चेहरा हजार पिक्सेलच्या वर! म्हणजे चेहरा फार मोठा होता म्हणून सापडत नव्हता. म्हणून शोध लहान कॉपीवर, क्रॉप मूळ फोटोवर. आणि त्याला फोटोचा साइज आधी सांगावा लागतो, फोटो बदलला साइज बदलला की परत सांगायचा, नाहीतर एरर येते. किती खात्री असली की चेहरा धरायचा ती हद्द मुळात ०.९ असते, ती मी ०.७ वर ठेवतो आणि ०.७ ते ०.९ मधले सगळे डोळ्याखालून घालतो.

काही चुका अशा आहेत की त्यांना एरर पण येत नाही, म्हणून त्या नीट लक्षात ठेवा. फोन उभा धरून काढलेला फोटो फाइलच्या आत बऱ्याचदा आडवाच साठवलेला असतो आणि सोबत एक खूण असते की दाखवताना फिरवून दाखव. विंडोजमध्ये तो तुम्हाला सरळ दिसतो. पिलो नावाच्या लायब्ररीने उघडला तर तो आडवाच उघडतो, चेहरा निजलेला, मग चेहरा सापडत नाही. पिलोमध्ये त्या खुणेप्रमाणे फिरवायचं फंक्शन आहे, उघडल्यावर पहिलं काम ते. ओपनसीव्ही स्वतःहून फिरवून उघडतं, आणि एकाने शोध दुसऱ्याने क्रॉप असं करत असाल तर डोळे एका फोटोतले आणि क्रॉप भलतीकडचा असा प्रकार होतो.

दुसरं आपल्या मराठी लोकांना हमखास चावणारं. फोल्डरचं नाव "७वी ब" असं देवनागरीत ठेवलं की विंडोजवर ओपनसीव्ही फोटो वाचतच नाही, तक्रारही धड करत नाही, हातात रिकामं देतं. फाइल आधी नम्पायने (पायथनची आकडेमोडीची लायब्ररी) वाचून मग ओपनसीव्हीकडून उलगडून घेतली की चालतं. किंवा सरळ फोल्डरची नावं इंग्रजी अक्षरांत ठेवा, मी आता तेच करतो.

तिसरं, क्रॉपची कड फोटोच्या बाहेर गेली तर. वरची कड उणे २० आली समजा, म्हणजे डोक्यावर जागाच नाही. नम्पाय उणे आकडा म्हणजे शेवटून मोजायचं असं समजतं आणि तुम्हाला रिकामा तुकडा देतं. पिलो तिथे काळी पट्टी भरून देतं. दोन्ही वाईट. कडा तपासा, बाहेर जात असेल तर क्रॉप थोडा सरकवा, फारच जात असेल तर संशयितांमध्ये टाका, रिटेकच करावा लागेल तो.

एका फोटोत दोन चेहरे सापडले तर काय? लोक सांगतात सगळ्यात मोठा घ्या. बहुतेक वेळा बरोबर. पण आपल्या शाळेत वर्गाच्या भिंतीवर सावित्रीबाईंचा, बाबासाहेबांचा, महाराजांचा फोटो असतोच, आणि ते चेहरे पण मॉडेलला चेहरेच दिसतात. मुलाने खाली बघितलं, त्याचा चेहरा निसटला, भिंतीवरचा सापडला, आणि मॉडेलला एकच चेहरा मिळाला म्हणून ते खुशाल क्रॉप करून मोकळं झालं. माझ्या एका बॅचमध्ये सहा कार्डांवर मुलाच्या जागी तसबीर आली होती, छापायच्या आधी दिसलं म्हणून वाचलो. तेव्हापासून मी आकारावर पण अट ठेवलीय, त्या वर्गातल्या सगळ्या फोटोंमधल्या डोळ्यांच्या अंतराचा मधला आकडा काढायचा आणि कुणाचं अंतर त्याच्या निम्म्याहून कमी किंवा दीडपटीहून जास्त असेल तर थेट संशयित.

ज्या फोटोबद्दल शंका आहे तो मशीनने स्वतःहून बाजूला काढला पाहिजे, माझ्या लेखी ऑटोमेशन म्हणजे हेच. ३,८०० पैकी ३,६०० नीट झाले आणि उरलेले २०० कुठले ते माहीत नाही, तर तुम्हाला ३,८०० च्या ३,८०० परत बघावे लागतात, मग वाचलं काय? आणि पालकाला ९५ टक्क्यांशी काही घेणं नाही, त्याच्या हातात एकच कार्ड येतं आणि ते मूल वर्षभर तेच गळ्यात घालतं. म्हणून माझ्याकडे तीन फोल्डर असतात: ठीक, संशयित, सापडला नाही. ठीकमधले पण मी न बघता सोडत नाही, एका पानावर १०० छोटे फोटो असे कॉन्टॅक्ट शीट काढतो, इमेजमॅजिक या फोटोंच्या प्रोग्राममधल्या मोंटाजने निघतात, जास्तीत जास्त ३८ पानं होतात, चहा पिता पिता बघून होतात कारण सगळ्यांचे डोळे एका रेघेत असतात आणि बिघडलेला लगेच उठून दिसतो. इमेजमॅजिक वापरताना एक सांगतो, त्यातलं मोग्रिफाय मूळ फाइलवरच लिहितं, वेगळा फोल्डर दिला नाही तर तुमचे ओरिजिनल गेले. आधी कॉपी, मग काय ते करा.

फोटो कुणाचा हा प्रश्न तर क्रॉपपेक्षा मोठा आहे. क्रॉप चुकला तर कार्ड वाईट दिसतं, नाव चुकलं तर कार्ड दुसऱ्याच मुलाचं होतं. हजेरीपटाच्या क्रमाने फोटो काढायचे आणि एक्सेलच्या यादीशी क्रमाने जुळवायचे ही आपली सगळ्यांची पद्धत, आणि एक गैरहजर मूल नोंदवायचं राहिलं की तिथून खालची सगळी नावं एकाने सरकतात. एका शाळेत माझी ३१ कार्डं अशी गेली, परत छापून द्यावी लागली. हजेरी क्रमांक दरवर्षी बदलतो म्हणून मी जनरल रजिस्टरचा नंबर धरतो, तो मूल शाळेत असेपर्यंत तोच राहतो. त्या नंबरचा क्यूआर कोड चार-पाच सेंटिमीटरचा चिठ्ठीवर छापतो, वर्गशिक्षक चिठ्ठ्या वाटतात, मूल ती पोटाशी धरून बसतं. फोटोत चेहरा आणि चिठ्ठी दोन्ही येतात, ओपनसीव्हीतलाच क्यूआर वाचणारा भाग नंबर वाचून फाइलला नाव देतो, आणि चिठ्ठी क्रॉपच्या खाली असल्याने कार्डावर येत नाही. वाचता आला नाही तर तो पण संशयित. हे सुरू केल्यापासून नावाची गफलत माझ्याकडे झालेली नाही.

यावरून लक्षात येईल की निम्मं काम फोटो काढतानाच होतं. ट्रायपॉड, जमिनीवर स्टूलच्या पायांना चिकटपट्टी, कॅमेरा उभा, डोक्याच्या वर वीतभर जागा सोडून. घट्ट फ्रेम घ्यायचा मोह टाळा. ३५ बाय ४५ मिलिमीटरला ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) ४१३ बाय ५३१ पिक्सेलच लागतात, वरच्या उदाहरणात आपला क्रॉप १५१२ रुंद निघाला, भरपूर आहे. खिडकीकडे पाठ करून कुणाला बसवू नका. आणि शाळा व्हॉट्सॲपवर फोटो पाठवणार असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा, फोटो म्हणून पाठवले की दाबून लहान होतात.

सेव्ह करताना ओपनसीव्ही फाइलमधली रंगाची प्रोफाइल (रंग कसे दाखवायचे त्याची नोंद) टाकून देतं, त्यामुळे आयफोनच्या फोटोंचे रंग फिके पडलेले दिसतात, म्हणून शेवटचा क्रॉप आणि सेव्ह मी पिलोने करतो, आधी एसआरजीबी या नेहमीच्या रंगपद्धतीत बदलून.

बॅकग्राउंड काढायचं असेल तर ते क्रॉपनंतर, आधी नाही. आरईएमबीजी नावाचं पॅकेज आहे, ते पण तुमच्याच मशीनवर चालतं. त्यातलं यू-टू-नेट नावाचं मॉडेल फोटो आतमध्ये ३२० बाय ३२० करून बघतं, अख्खा मोठा फोटो दिला तर त्यात चेहरा एवढासा राहतो आणि केसांच्या कडा चिंधीसारख्या येतात, क्रॉप करून दिला तर बऱ्याच सुधारतात. आणि पांढऱ्या पडद्यापुढे पांढरा शर्ट असेल तर कॉलर खाऊन टाकतं, फिकट निळा पडदा लावा.

आता तुम्ही असं करा. मागच्या वर्षीच्या बॅचमधले ५० फोटो घ्या, पण अवघड बघून निवडा, चष्मेवाले, टोपीवाले, रिबिनीवाल्या, बालवाडीतले, मान वळवलेले, भिंतीवर तसबिरी असलेले. त्यांच्यावर हे चालवा आणि तिन्ही फोल्डरमध्ये किती किती पडले ते मोजा. संशयितमध्ये दहाच्या वर पडले तर मला आकडे कळवा, फोटो पाठवू नका, खात्रीचा आकडा आणि डोळ्यांचं अंतर एवढं पाठवलंत तरी कुठे अडतंय ते सांगता येईल.